आजोबांचं घर: दुरुस्त करायचं की पाडून नवीन बांधायचं?

 

मागच्या गणपतीत गावच्या घरी आरती झाली, मोदक झाले, आणि मग ओटीवर आमचा नेहमीचा विषय निघाला. काका म्हणाला, "पाडून टाकू. मस्त स्लॅबचं घर बांधू." आई म्हणाली, "ह्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं ते घर. मी पाडू द्यायची नाही." माझा भाऊ फोनवर कुठल्यातरी फार्महाऊसचं डिझाइन सगळ्यांना दाखवत होता. आणि आत्या काही न बोलता ताटं उचलून आत गेली.

आत्याचं ते गप्प राहणं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

घर दापोली तालुक्यातलं. पणजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, देवघर, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. न्हाणीघर आणि संडास बाहेर. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून घर वर्षातले बरेच महिने बंद असतं. आणि कोकणात बंद घराचं काय होतं ते तुम्हाला माहितीये. एक कौल सरकतं, तिथून पाणी आत येतं, वासा कुजतो, वाळवी येते, आणि तिसऱ्या-चौथ्या पावसात छप्पर बसतं. म्हणजे "बघू नंतर" असं म्हणत राहिलात तरी घराचा निकाल लागतोच, फक्त तो तुमच्याऐवजी पाऊस लावतो.

मी आठ महिने या मागे होते. त्यात कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते. आपण सगळे डिझाइन आणि बजेटपासून सुरुवात करतो. क्रम असा हवा: पहिलं, घर कुणाचं आहे? दुसरं, घराची तब्येत कशी आहे? तिसरं, तिथे नेमकं कोण राहणार? पैसे चौथ्या नंबरावर. हा क्रम चुकला की भांडण होतं. आमचं झालं, म्हणून सांगतेय.

घर कुणाचं?

मी उत्साहात एका बँकेत दुरुस्तीच्या कर्जाची चौकशी करायला गेले. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" आजोबांच्या. आजोबा 2009 मध्ये गेले. "मग मालक कोण?" मी म्हटलं, "आम्हीच." त्या हसल्या आणि फाईल परत दिली.

तुम्ही ही चूक करू नका. गावी फोन करण्याआधी डिजिटल सही असलेला सातबारा ऑनलाइन काढा, 15 रुपये लागतात. घर गावठाणात असेल तर सातबारा नसेल, तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड झालंय का ते बघा. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून ही कार्डं द्यायला सुरुवात झाली.

आणि एक मोठा गैरसमज. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती किंवा नमुना आठचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नाही. ती कर भरल्याची नोंद आहे. आमची घरपट्टी बाबा आणि काकाच्या नावावर येत होती, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की घर दोघा भावांचं.

आता इथे आत्या येते. आजोबांनी मृत्यूपत्र केलं नव्हतं. आजी आधीच गेली होती. म्हणजे वारस तीन: बाबा, काका, आत्या. तिघांचा सारखा हिस्सा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, ही दुरुस्ती हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 मध्ये झाली. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. बाबांचा एक तृतीयांश पुढे आई, भाऊ आणि मी यांच्यात. म्हणजे ज्या घराचं काय करायचं यावर काका आणि भाऊ तावातावाने बोलत होते, त्यात आत्याचा वाटा भावापेक्षा तिप्पट होता! आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी काकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं तिला काही नको असतं. ती कधीच बोलली नाही."

मी आत्याला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला पैसे नकोत गं. त्या घरात राहायला येणार आहे असंही नाही. पण माझ्या वडिलांचं घर पाडायचं की ठेवायचं, हे मला एकदा विचारावंसं वाटलं नाही ना कुणाला?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मीही विचारलं नव्हतं.

कायद्याच्या बाजूने लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: "मला काही नको" असं जेवताना म्हटल्याने हक्क सुटत नाही. हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र करून ते नोंदवावं लागतं, आणि ते सोडणाऱ्याच्या मर्जीने. गोड बोलून, भाऊबीजेच्या ओवाळणीची आठवण करून देऊन सही घेणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. ते करू नका. आधी वारस नोंद करून घ्या. ई-हक्क प्रणालीवर त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. सगळ्यांची नावं लागली की मग बसून बोला.

घराची तब्येत

आता घराकडे. इथे दोन प्रकारच्या लोकांवर विश्वास ठेवू नका. एक, जो म्हणतो "जुनं ते सोनं". दोन, जो दारातूनच बघून म्हणतो "यात काही राहिलं नाही, पाडा". दुसऱ्याला बहुतेक नवीन बांधकामाचं काम हवं असतं.

आम्ही चिपळूणहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं आणि गावातल्या सुतारकाकांनाही. दोघांनी मिळून जे तपासलं, त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतःही बघू शकता.

पहिलं, लांब उभं राहून छपराची वरची रेघ बघा, जिथे आढं असतं ती. सरळ आहे की मध्येच खाली वाकलीये? वाकली असेल तर आतलं लाकूड किंवा भिंत, कुठेतरी दम संपलाय.

दुसरं, लाकूड. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि भालाला, वाशांना टोचून बघा. चांगल्या लाकडात तो जात नाही. वाळवी लागलेल्या लाकडात बिस्किटात जावा तसा जातो. मुख्य म्हणजे लाकडाची टोकं बघा, जी भिंतीत जातात ती. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि भिंतीतलं टोक ओल धरून कुजलेलं असतं. आमच्याकडे पुढच्या भागातलं लाकूड जवळपास सगळं शाबूत निघालं. सुतारकाका म्हणाले, "ताई, हा ऐन आहे. आता असं लाकूड आणाल कुठून?" मागच्या बाजूला मात्र चार वाशांची टोकं हाताने चुरली.

तिसरं, भिंतींच्या भेगा. प्रत्येक भेग धोक्याची नसते. बारीक, गिलाव्यापुरती असेल तर ठीक. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद होत गेलेली असेल, तर जोतं खचत असण्याची शक्यता आहे. मग ती भेग जुनी आहे की अजून वाढतेय? त्यासाठी सोपा उपाय: भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवा, बाजूला तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत हलतेय. आम्ही जूनमध्ये तीन पट्ट्या लावल्या. माजघरातल्या दोन दिवाळीपर्यंत तशाच होत्या. स्वयंपाकघरातली ऑगस्टमध्येच तडकली.

चौथं, पाणी. भर पावसात एकदा तरी घरी जा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, कुठे साचतं, भिंतीला ओल किती उंचीपर्यंत चढते ते बघा. आमच्या स्वयंपाकघराचं दुखणं इतकंच होतं की मागच्या डगरीवरून येणाऱ्या पाण्याचा चर बुजला होता आणि सगळं पाणी जोत्यात मुरत होतं. बाबा असताना दर मे महिन्यात तो चर साफ व्हायचा. ते गेल्यावर कुणी केला नाही. बास, एवढंच.

अजून एक, हे नीट ऐका. जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढल्यावर हवेत तो कडक होतो, पण पाणी शोषतो आणि सोडतोही. जुन्या भिंती माती-चुन्यात बांधलेल्या असतात, त्यामुळे ओल बाहेर पडते. आपण हौसेने त्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर ऑइलपेंट मारतो. मग ओल आतच कोंडते, रंगाला फुगे येतात, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, आणि आपण म्हणतो घर जुनं झालं. आमच्या माजघराची एक भिंत अशीच "दुरुस्त" केलेली होती. सगळ्यात खराब तीच निघाली.

नवीन म्हणजे मजबूत?

काकाचा मुद्दा होता, स्लॅब टाकला की कटकट संपली. मी गावातून एक चक्कर मारली आणि स्लॅबची घरं मोजली. त्यातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड! कारण कोकणच्या पावसात सपाट स्लॅब गळतोच. खारी हवा असेल तर सळया गंजतात, गंजून फुगतात आणि खालचं काँक्रीट सुटून पडतं. म्हणजे आधी उतरतं छप्पर काढायचं, लाखो रुपये घालून सपाट छप्पर करायचं, आणि मग त्यावर परत उतरतं छप्पर!

पण थांबा, म्हणून जुनं घर सुरक्षित असतं असंही नाही. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीचा. तिथे हजारो माणसं गेली, आणि त्याचं मोठं कारण घरांची बांधणी होतं: जाड दगड-मातीच्या भिंती, ज्यांचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते, आणि वर मातीचं प्रचंड वजनाचं माळवद. तुमचा वारसा असा दगड-मातीचा वाडा असेल, तर फक्त रंगरंगोटी करून त्यात राहू नका. भिंतीत आरपार बांधदगड घालणं, वरून सलग पट्टा देणं असे मजबुतीचे उपाय आहेत, पण ते इंजिनिअरच्या सल्ल्यानेच. आणि ते परवडत नसतील तर पाडणं हाच शहाणपणा, त्यात आजोबांचा अपमान नाही.

कौलारू घरालाही वाऱ्याची भीती आहेच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आमच्या दापोलीलाही तडाखा बसला. आमची मागच्या बाजूची अर्धी कौलं उडाली. दुरुस्ती करताना कडेच्या ओळी तरी तारेने किंवा स्क्रूने बांधून घ्या.

जागा काय म्हणते?

काही वेळा उत्तर घरात नसतं, जमिनीत असतं. 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. तुमचं घर तीव्र उताराच्या पायथ्याशी असेल, वर जमिनीला भेगा पडत असतील, तर दुरुस्ती की नवीन हा वादच सोडा. जागा बदला.

उलट समुद्राजवळ घर असेल तर जुनं घर हीच तुमची ताकद असू शकते. सीआरझेड नियमांनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून बऱ्याच ठिकाणी 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असतं. तिथे सहसा नवीन घराला परवानगी नाही. आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जुन्या जोत्याच्या आणि चटईक्षेत्राच्या मर्यादेतच. म्हणजे तीन मजली होमस्टेचं स्वप्न बघून जुनं घर आधीच पाडलंत, तर हातात मोकळी जागा आणि नकाराचं पत्र उरू शकतं. परवानगी हातात येईपर्यंत एक चिराही हलवायचा नाही.

राहणार कोण?

मग मी एक साधा हिशोब केला. मागच्या वर्षी त्या घरात किती रात्री कुणीतरी झोपलं? गणपती सात, मे महिना दहा, शिमगा तीन, एक वीकेंड दोन. एकूण 22. बावीस रात्रींसाठी भाऊ चार बेडरूम आणि प्रत्येकीला अटॅच्ड बाथरूम मागत होता!

आईला विचारलं, "तुला काय हवंय?" तिला वाटलं मी घर ठेवायचं की पाडायचं ते विचारतेय. मी म्हटलं, "तसं नाही, तिथे राहायचं झालं तर काय हवं?" ती म्हणाली, "मी पावसाळा सोडून तिकडेच राहीन गं. पण रात्री बॅटरी घेऊन संडासला बाहेर जायला आता भीती वाटते. आणि न्हाणीची ती उंच पायरी."

बघा. आठ महिने राहणारं माणूस एकच होतं, आणि तिची मागणी होती घरातलं न्हाणीघर, पायरी नसलेलं.

आता पैसे

नवीन घराचं कोटेशन होतं 1,200 चौरस फुटांना 2,000 रुपये दराने, म्हणजे 24 लाख. त्यात जुनं पाडणं, मलबा उचलणं, परवानग्या, वीज-पाण्याची तात्पुरती सोय हे काही नव्हतं. कोटेशन घेताना नेहमी विचारा, "यात काय धरलेलं नाही?"

दुरुस्तीचं उलटं असतं. आकडा लहान दिसतो, पण कौलं उतरवल्यावर, गिलावा फोडल्यावर नवीन दुखणी निघतात. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजावर चौथा हिस्सा तरी जास्त धरून ठेवा. शिवाय कौलारू घराला दरवर्षी पावसाआधी शाकारणी लागते, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून परत लावणं. ते करणारी माणसं गावात उरलीत का, हा प्रश्न पैशांइतकाच मोठा आहे.

कर्ज घेणार असाल तर एक फरक: जुन्या करप्रणालीत, स्वतः राहायच्या घरासाठी, नवीन बांधकामाच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर फक्त 30,000. त्यामुळे सीएला आधी विचारा, नंतर नाही.

आम्ही काय ठरवलं?

दिवाळीत सगळे पुन्हा ओटीवर बसलो. या वेळी आत्याला खास बोलावलं होतं, आणि पहिला प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "पुढचं ठेवा. मागचं काय ते तुमच्या सोयीने करा. आणि सातबाऱ्यावर माझं नाव लागू दे. पुढे काय करायचं ते मी ठरवीन."

तिने हक्क सोडला नाही, आणि आता मला वाटतं बरंच झालं. काका थोडा घुश्शात होता. मग त्यानेच उठून तिला स्वयंपाकघरातली तडकलेली काच दाखवली.

तर आमचं उत्तर दोन्हीच्या मध्ये निघालं. ओटी, माजघर, देवघर आणि खोल्या तशाच राहणार. लाकडाची कुजलेली टोकं बदलायची, सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा. स्वयंपाकघर आणि पडवी पाडून तेवढ्याच जागेत नवीन बांधायची, त्यात बिनपायरीचं न्हाणीघर आणि संडास. छप्पर उतरतंच. निघालेले चांगले चिरे त्याच कामात वापरायचे. अंदाज 14 लाखांचा आहे, वर तीन लाख हाताशी ठेवलेत. आणि चर सगळ्यात आधी. तो आम्ही त्याच दिवशी साफ केला, फुकटात.

तुमचं उत्तर वेगळं निघेल. पाडायचं ठरलं तरी हरकत नाही, फक्त एक लक्षात ठेवा: दुरुस्ती फसली तर नंतर पाडता येतं, पण पाडलेलं परत उभं करता येत नाही. म्हणून पाडायचं असेल तर सगळ्यांना विचारून, घर नीट बघून, आणि परवानगी हातात आल्यावरच.

या आठवड्यासाठी काम देते. तीनच गोष्टी. सातबारा काढा, त्यावर कुणाचं नाव आहे बघा. मागच्या वर्षातल्या रात्री मोजा. आणि तुमच्या घरात ताटं उचलून आत जाणारं जे कुणी असेल, आत्या, मोठी ताई, आजी, तिला फोन करा आणि विचारा.

वारस नोंद झालीये. सातबाऱ्यावर आता आत्याचं नाव आहे. तिने त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, वर काही लिहिलं नाही. काकाने खाली हात जोडलेला इमोजी टाकला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!